खुर्ची मिळालेली भाची

पुलापुढचा चढ संपत आला तेव्हा घुमी मधेच थांबली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मला वाटलं दम लागला. सातवा महिना, डोक्यावर ऊन, आणि बस पुलापाशीच सोडते, पुढे वरच्या वस्तीपर्यंत पायीच. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. तिने घेतली, पण प्यायली नाही. नुसतं झाकण फिरवत बसली.

"ताई," ती म्हणाली, "मला वाटतं सगळ्यांनी मिळून मला पाहुण्यांचं सांगितलंय."

"पाहुण्यांचं म्हणजे?"

"म्हणजे तेच तर कळत नाहीये."

मला तिच्याहून कमी कळत होतं. मी पुलाअलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. मला ताप कळतो, नाडी कळते, बाळ आडवं आहे की उभं ते पोटाला हात लावून कळतं. घुमीचं काम अभ्यासाचं. तिच्याबरोबर मी त्या दिवशी चालत निघाले होते ती दोन कारणांनी. एक तर तिला या अवस्थेत एकटीला सोडणं मला बरं वाटेना. दुसरं, ती आत्याशी भांडायला चालली होती, आणि आत्याशी भांडताना तिसरं माणूस असलेलं बरं असतं.

घुमी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती फार उशिरा बोलायला लागली, आणि लागल्यावरही कामापुरतंच बोले, म्हणून आत्याने ठेवलेलं हे नाव. आईबाप लवकर गेले, आत्यानेच तिला वाढवली. शहरात तिला मॅडम म्हणतात, कोणी डॉक्टर म्हणतात. वस्तीत डॉक्टर म्हटलं की लोक गुडघे दाखवायला येतात, म्हणून तिनेच ते बंद करून टाकलं.

वरच्या वस्तीतली माणसं या डोंगरात सगळ्यांच्या आधीची. रस्ता, शाळा, आमचं केंद्र, मी, आम्ही सगळे नंतर आलो. त्यांचा अभ्यास करायला बाहेरचे लोक कधीपासून येतायत. कोणी डोकी मोजली, कोणी गाणी उतरवून नेली, कोणी पालापाचोळा पिशव्यांत भरून नेला. शाळा संपल्यावर घुमी अशाच एका प्रोफेसरसाहेबांच्या हाताखाली लागली. काम काय, तर पुढे चालायचं, कुत्री हाकलायची, त्यांचा प्रश्न आपल्या माणसांना विचारायचा आणि उत्तर साहेबांना समजेल असं करून सांगायचं. पुस्तक छापून आलं तेव्हा शेवटच्या पानावर आभार मानले होते, 'स्थानिक मदतनीस' म्हणून. ती रडली-बिडली नाही. मला म्हणाली, "पुढच्या खेपेला पुस्तकाच्या पुढच्या अंगाला यायचं." मग कॉलेज, हॉस्टेल, रात्रंदिवस वाचन. छापखान्यात काम करणारा, भारी विनोदी नवरा तिला तिथेच भेटला. आणि अखेर ती खरंच पुढच्या अंगाला आली.

झालं असं की मागच्या वर्षी वरच्या वस्तीतली एक बाई माझ्याकडे फार उशिरा आली. झोळीतून आणली होती. बाई वाचली, बाळ नाही. इतका उशीर का केलात, हे मी कळवळून विचारलं. कोणी उत्तर देईना. मग सरकारातून ठरलं की वस्तीतच बाळंतपणाची एक खोली बांधायची, पण ती कशी असावी हे वस्तीतल्याच माणसांनी अभ्यास करून सांगायचं. घुमीला प्रमुख नेमलं. हाताखाली वस्तीतल्याच दोन शिकलेल्या मुली. प्रोफेसरसाहेब फक्त सल्लागार. मी सकाळी निघताना देवापुढे घटकाभर उभी राहते, त्या दिवशी जरा जास्त उभी राहिले. आता तरी नीट होईल असं मनापासून वाटलं होतं.

तर दगडावर बसून घुमी सांगत होती.

"पहिल्या दिवशी मी आत्याकडेच गेले. म्हटलं सुरुवात घरापासून. रेकॉर्डर काढला, खाली बसले आणि विचारलं, आत्या, आपल्यात बाळंतपण कसं करतात? तर आत्या म्हणाली, थांब. आत गेली, खुर्ची घेऊन आली. ती निळी, प्लॅस्टिकची, पायाला तार बांधलेली. म्हणाली, बसा."

"बसा म्हणाली? तुला?"

"हो ना! आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, मान दिला. भाची शिकली, मोठी झाली, आता तिला खुर्ची. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, छान, म्हणजे आता तूही तिथली जावई झालीस. मला तर लग्न झाल्यापासून तीच खुर्ची आहे, अजून कुणी जमिनीवर बसू देत नाही."

मला हसू आलं. ती हसली नाही.

आत्याने मग खुर्चीतल्या भाचीला सगळं रीतसर सांगितलं. दार लावून घेतात. आत एकच बाई, सासू नाहीतर आई. कोणी बोलत नाही, बाळंतीणसुद्धा ओठ मिटून सोसते. शांततेत बाळ येतं. घुमीने दुसऱ्या घरी विचारलं, तिसऱ्या घरी विचारलं. सगळीकडे तेच. त्या दोन मुलींनाही तेच. तिने मेहनतीने रिपोर्ट लिहिला, इंजिनीअरने त्यावरून नकाशा काढला. एक पलंग, उंचावर एक खिडकी, आतून कडी लागणारं जाड दार, आणि बाहेर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी.

नियम असा होता की रिपोर्ट आधी वस्तीला वाचून दाखवायचा आणि त्यांनी हो म्हटलं तरच पुढे पाठवायचा. ती बैठक शाळेच्या खोलीत झाली. मीही होते. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घुमीने वाचलं. शेवटी विचारलं, कुणाची काही हरकत?

तिथे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे हरकतकाका म्हणतात. नळ आला तेव्हा नळाला हरकत, खांब रोवला तेव्हा खांबाला. स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा, मुलगा चांगला आहे यालाच त्यांची हरकत होती. सगळ्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, बाकाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे." आणि खाली बसले.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"त्याच क्षणी मला शंका आली," घुमी म्हणाली. "ताई, आमच्या वस्तीत सकाळ झाली यावर एकमत होत नाही. आणि पूर्ण रिपोर्टला एकही जण नाही म्हणत नाही? याचा अर्थ तो त्यांचा नाहीच. दुसऱ्याच्या घराला कोणता रंग द्यावा, यावर कशाला कोण भांडेल?"

"अगं, पण कदाचित खरंच आवडला असेल."

"हरकतकाकांना?"

आम्ही उठून चालायला लागलो. ती हळू चालत होती, एक हात कमरेवर. म्हणाली, तिला लहानपणचं काहीतरी आठवतंय, पण ते तिने रिपोर्टात घातलं नाही, कारण एकट्याच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. आठवतं ते असं. ती अगदी छोटी, कुणाच्या तरी घराबाहेर, आणि आत बायकाच बायका, आणि केवढा कल्ला. ओरडणं, शिव्या, हसणं. कुणीतरी बाळाच्या बापाचा उद्धार करतंय आणि बाकीच्या त्याला साथ देतायत. "पण ते बाळंतपण होतं की भांडण होतं की लग्न होतं, देव जाणे. मी कुणाला विचारलं नाही. मी तेव्हा विचारायचे कुठे?"

मग मलाही एक आठवलं. नवीन होते तेव्हा मला रात्रीअपरात्री नव्हे, भर दुपारी वस्तीत बोलावलं होतं, एक बाई अडली होती म्हणून. वळणावरून मला लांबून आवाज ऐकू येत होता, बाजार भरल्यासारखा. मी अंगणात पाय टाकला आणि सगळं चिडीचूप. बायका एकामागून एक मागच्या दाराने बाहेर पडल्या. आत फक्त सासू आणि ती बाई, ओठ घट्ट मिटलेले. मला तेव्हा वाटलं होतं, किती समंजस माणसं आहेत, नर्स आली की जागा करून देतात.

हे मी घुमीला सांगितलं. ती थांबली. "हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू तर मला फक्त किती बाळंतपणं केली तेवढं विचारलंस."

ती काहीतरी बोलणार होती, पण वस्तीतली कुत्री आली भुंकत, आणि तिने सवयीने त्यांना हाकललं.

आत्या ओट्यावर बसून धान्य निवडत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "आल्या! सिस्टर, हिला एवढं चालवलंत? बरं केलंत, मूल सुटसुटीत होईल." आणि उठून खुर्ची आणायला वळली.

"आत्या, खुर्ची नको," घुमी म्हणाली आणि जमिनीवर बसली. या पोटाने तिला बसायला कष्ट पडले, मी हात दिला. खुर्ची मग माझ्या वाट्याला आली. मी तिच्यावर बसले आणि मला कसंतरीच वाटलं.

"आत्या, तू मला खोटं का सांगितलंस?"

"खोटं? मी कधी खोटं बोलते? खोटं तुझा काका बोलायचा."

"बाळंतपणाचं. दार लावतात, एकच बाई, कोणी बोलत नाही."

"ते खोटं नाही काही. ते पाहुण्यांना सांगतो ते आहे. माझ्या आईनेही तेच सांगितलं होतं, पहिले पाहुणे आले तेव्हा. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. पाहुणा आला, चांगलं पाणी दिलं, चांगली जागा दिली, चांगलं उत्तर दिलं. त्याचंही काम होतं, आपलंही."

"पण मी पाहुणी आहे का गं?"

आत्याने सुपातून एक खडा काढून लांब फेकला. "तू मशीन लावलंस. समोर बसून विचारलंस. भाची असं विचारते होय? भाचीला ठाऊक असतं."

"मला ठाऊक नाही म्हणून तर विचारलं!"

"ठाऊक नसेल तर भाची येऊन राहते. धान्य निवडते, भांडी घासते, म्हाताऱ्यांचं ऐकते. कळतं कधीतरी."

"आणि तोवर खोली बांधून झाली म्हणजे?"

"मग होऊ दे. आमचं काय अडलंय? आम्ही काय त्या खोलीत बसून शिव्या…" आणि आत्या एकदम सूप हलवायला लागली.

"कसल्या शिव्या?"

"कुठे काय."

"आत्या, आत्ता तू शिव्या म्हणालीस."

"मी? सिस्टर, मी म्हणाले?"

मी खुर्चीत होते. मी म्हटलं, "मी नीट ऐकलं नाही." घुमीने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

तेवढ्यात आत्याची सून दारात आली, कडेवर मूल घेऊन. ती खालच्या वस्तीतली, यांच्यातलीच, शाळा शिकलेली. तिला सगळं ऐकू आलं होतं. म्हणाली, "वन्सं, आपल्यात शिव्याबिव्या नसतात. बाळंतिणीजवळ कोणी चकार शब्द काढत नाही. मी शाळेच्या वाचनालयात वाचलंय, त्या प्रोफेसरांच्या पुस्तकात. मी तर हा सोन्या झाला तेव्हा तोंडात टॉवेल कोंबून घेतला होता. केंद्रापर्यंत जायला वेळच नव्हता. एक आवाज काढला नाही. आत्याबाईंना विचारा."

आत्या सुनेकडे बघत राहिली. तिच्या हातातलं सूप तिरकं झालं होतं, दाणे एका कडेला जमले होते. "मला वाटलं," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या खालच्या वस्तीत तशी रीत असेल. म्हणून मी बायकांना बोलावलं नाही. तुला आवडणार नाही म्हणून."

"आणि मला वाटलं तुमच्याकडे तशी आहे!"

सून मग एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि मूल बावरून रडायला लागलं. आत्या उठून मुलाला घेऊन आत गेली. मला वाटलं आता घुमी काहीतरी बोलेल, एवढा अभ्यास केलेली. तिने आत्याचं सूप पुढ्यात ओढून दाणे सारखे केले. म्हणाली, "त्या पुस्तकातलं ते उत्तर, ताई, साहेबांना मीच सांगितलं होतं. आत्या बोलली, मी त्यांना समजेल असं करून सांगितलं. मला वाटलं, मोठी माणसं म्हणतायत तर असेल."

"मग तुझी काय चूक?"

"चूक कुठे म्हणतेय मी? मला नुसतं कळत नाहीये, आता खरं कुठलं. हिने टॉवेल तोंडात घालून मूल जन्माला घातलं ना? ते तर झालंच. म्हणजे आता आमच्यात शांतताही आहे."

मला वाटलं विषय संपेल तर बरं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रोफेसरसाहेब होते. ती उठून अंगणाच्या टोकाला गेली, तिथेच काय ती फोनला रेंज मिळते. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही सर, रिपोर्टवर सही आज नाही… नाही, चुकलेलं काही नाही. सगळ्यांनी हो म्हटलंय, तेच तर… इंजिनीअरला थांबायला सांगा… कारण मला सांगता येत नाही… हो, मी प्रमुख आहे, म्हणूनच सांगतेय."

परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले. "म्हणाले, तुझा तुझ्याच लोकांवर विश्वास नाही का?" ती म्हणाली. "मी काय सांगू त्यांना?"

आत्याने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना बाळंतपणाचा शब्द कोणी काढला नाही. भिंतीच्या ओलीवर बोलणं झालं, हरकतकाकांच्या नव्या चष्म्यावर झालं. तो त्यांनी दोनदा परत केला म्हणे. निघताना सून घुमीच्या कानात काहीतरी बोलली. मी विचारलं नाही. त्या दिवशी मला विचारण्याचीच धास्ती बसली होती.

उतरताना सावल्या लांब झाल्या होत्या. उतार पोटुशीला चढापेक्षा वाईट, म्हणून मी तिचा दंड धरून चालत होते. माझ्या डोक्यात सगळा गुंता झाला होता. मागच्या वर्षीची ती बाई उशिरा आली ती का? आमच्याकडे आत एकच माणूस सोडतात म्हणून? की शांतता राखा म्हणतात म्हणून? की मी असते म्हणून? मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, तू तरी सांग. तो नेहमीसारखा गप्पच. म्हटलं, मी पाहुण्याच्या खुर्चीत बसले होते, त्याला तरी काय दोष देऊ?

पुलावर आल्यावर घुमी म्हणाली, "ताई, दिवस भरत आले की मी आत्याकडे येऊन राहणार. बाळंतपण तिथेच. केंद्रात नाही."

मी थांबले. "डोकं ठिकाणावर आहे का? पहिलटकरीण तू. मागच्या वर्षी काय झालं ते विसरलीस? अभ्यासासाठी जीव टांगणीला लावायचा? हे मी नाही ऐकायची."

"अभ्यासासाठी नाही. म्हणजे, अभ्यासासाठीपण. मला माहीत नाही." तिने माझा हात सोडवून घेतला नाही. "तुम्ही असणारच ना. पिशवी घेऊन, दाराबाहेर. आत्याने हाक मारली की आत या. आणि तुम्हाला वाटलं की आता जायलाच हवं, तर हाकेची वाट बघू नका. मी आत्याला आधीच सांगून ठेवीन. त्यात कोणी आडवं येणार नाही."

"मग आधीपासून आत का नको?"

"तुम्ही अंगणात पाय टाकला आणि चिडीचूप झालं. तुम्हीच म्हणालात ना मघाशी?"

खाली पाणी वाहत होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, ती त्यातलं काही लिहिणार नाही. रेकॉर्डर शहरात ठेवून येईल. फक्त, पुढे इंजिनीअर नकाशा घेऊन आला की भिंत कुठे नको, दाराला कडी कुठून नको, एवढं तिला ठाम सांगता आलं पाहिजे, आणि का ते सांगावं लागू नये. मी म्हटलं, याला अभ्यास म्हणतात का? ती म्हणाली, माहीत नाही, साहेबांना विचारायला हवं. आणि मग स्वतःच हसली.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दर आठवड्याला तपासायला येईन, रक्तदाब जरा जरी चढला तर सरळ केंद्रात, हे कबूल करून घेतलं. तिने मान हलवली. बस वळण घेत होती. मला वाटलं बोलणं संपलं. पण ती तशीच उभी राहिली, आणि म्हणाली,

"अजून एक ताई. दाराबाहेर तुम्हाला सगळं ऐकू येईल. आत्या काय बोलते, बाकीच्या काय बोलतात, मी काय बोलते. मी मला ओळखते. वर्षा-दोन वर्षांनी मी मशीन घेऊन तुमच्यापुढे बसेन आणि विचारेन, ताई, त्या दिवशी आत काय काय झालं होतं? तेव्हा मला काही म्हणजे काही सांगू नका. कितीही गोड बोलले तरी."